फ्लेक्सवर लिहिलंय 'ना गोळी, ना ऑपरेशन' आणि फ्लेक्सवरच्या माणसाचं ऑपरेशन झालंय. काय करू?

लोखंड_आणि_घाम (सांगली)

मंडळी, विषय माझ्या धंद्याचा आहे आणि थोडा अब्रूचाही, म्हणून खरी नावं टाळतो. विश्रामबागेच्या बाजूला माझी जिम आहे. फार मोठी नाही, तळमजला आणि वर पत्र्याची एक खोली. दीड वर्षापूर्वी तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार दाखल झाला. त्याला आपण बापू म्हणू. उंची पाच फूट आठ इंच, वजन १३८ किलो. माणूस गोड, पण पहिल्या दोन महिन्यांत दोन किलो उतरले आणि तीन चढले. मग "सर, छाटणी आली" म्हणून जो गायब झाला तो पाच आठवड्यांनी उगवला. काट्यावर उभा केला, तर १२१!

मी विचारलं, "बापू, काय केलंत?" म्हणाला, "सर, तुमचा तक्ता मनावर घेतला."

यापेक्षा गोड वाक्य ट्रेनरच्या कानावर पडत नाही. मी खोलात गेलो नाही. पुढे महिन्याला सात, सहा, चार असे किलो उतरत गेले आणि वर्षाच्या आत गडी ८८ वर आला. मग मी काय केलं असेल? सांगलीत माणूस काय करतो? फ्लेक्स लावला. दहा बाय आठचा. डावीकडे १३८ चा बापू, उजवीकडे ८८ चा, आणि खाली लाल अक्षरात 'ना गोळी, ना ऑपरेशन, फक्त मेहनत'. छापण्याआधी डिझाईन त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. त्याने दोन अंगठे पाठवले.

परवा कुपवाड रोडला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी बापूची मावशी. माऊलीने जिलबी वाढणाऱ्याला अडवून मला सांगितलं, "आमच्या बापूचं पोट कापल्यापासनं वाटीभरच जेवतंय बघा पोरगं. एवढं द्राक्षाचं पैसं, पर खायाला जागा न्हाई."

माझी जिलबी तशीच राहिली.

फ्लेक्स बघून आलेली जवळजवळ चाळीस माणसं आज माझ्याकडे आहेत. निम्मी 'बापूंचा तक्ता' मागतात आणि मी देतो. तो तक्ता मी इंटरनेटवरून उतरवून त्यात ज्वारीची भाकरी घातलेला आहे, हेही आता कबूल करून टाकतो. तर प्रश्न असा: फ्लेक्स उतरवू का? बापूला जाब विचारू का? आणि हे टीव्हीवरचे, सिनेमातले लोक एका वर्षात निम्मे होतात आणि 'गरम पाणी आणि योगासनं' सांगतात, त्यांचंही असंच असतं का?

---

भडंग_स्पेशल

"दोन अंगठे पाठवले" वाचून खुर्चीवरून पडलो. सर, बापू खोटं कुठं बोलले? त्यांनी तुम्हाला अंगठाच दाखवला की!

---

कंदी_पेढा (सातारा)

फ्लेक्स उतरवा आणि त्या माणसाला जिममधून काढा. मी दरवर्षी यवतेश्वरचा घाट धावतो, हिल मॅरेथॉनचे २१ किलोमीटर. ९४ चा ७४ झालो ते पहाटे चारला उठून. आणि हे लोक दवाखान्यात झोपून उठतात आणि टाळ्या घेतात. सेलिब्रिटी तर सरळ फसवतात. सगळ्या नट्यांना काय अचानक योगासनं लागू पडली का?

---

जुना_प्रेक्षक

जिमवाले सर, तुमचा फ्लेक्स इंग्लंडमध्ये २००८ सालीच लागून गेलाय.

फर्न ब्रिटन नावाची तिथली टीव्ही निवेदिका. सकाळच्या कार्यक्रमामुळे घराघरात माहीत. बाई बारीक झाली, लोकांनी कौतुक केलं, श्रेय व्यायाम आणि जपून खाण्याला गेलं. त्यात ती रायव्हिटा नावाच्या कुरकुरीत पावाच्या जाहिरातीतही होती, आणि तो पाव विकत घेणाऱ्या बाया काय डोळ्यापुढे ठेवून घेत असतील ते सांगायला नको. मग बातमी फुटली की थोडक्यात पोट भरावं म्हणून ऑपरेशन करून जठराला पट्टा बसवलेला आहे. लोक ऑपरेशनवर तेवढे चिडले नाहीत जेवढे त्या पावावर चिडले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पोट तिचं, गुपित तिचं, पण पाव दुसऱ्याने विकत घेतला होता.

अमेरिकेत स्टार जोन्स म्हणून एक वकीलबाई टीव्हीवर गप्पांच्या कार्यक्रमात बसायच्या. २००३ मध्ये गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करायची शस्त्रक्रिया, झाली. कोट्यवधी लोकांसमोर दर आठवड्याला बाई कमी होत होती आणि कारण 'वैद्यकीय मदत' यापुढे सरकत नव्हतं. २००७ मध्ये एका मासिकात त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. त्यांच्या ज्येष्ठ सहकारी बार्बरा वॉल्टर्स यांनी नंतर सांगितलं की त्या काळात आम्हालाही खोट्यात सामील व्हावं लागलं. म्हणजे एकाचं गुपित सांभाळायला आख्खं टेबल. (आमच्या बँकेत साहेबांचा विग असाच सगळ्या शाखेने सांभाळला होता. असो.)

आणि याच्या बरोबर उलट, कार्नी विल्सन नावाच्या गायिकेने १९९९ मध्ये स्वतःची बायपास इंटरनेटवर थेट दाखवली होती! तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत एक फोटो उघडायला चहा पिऊन यावं लागायचं.

---

तासगावकर_दादा

म्हंजी मधलं कायच न्हाई का? एकतर तोंड शिवायचं, न्हाईतर पोट फाडताना टीव्ही लावायचा?

---

जुना_प्रेक्षक

आहे की. मधलं आपल्याच मातीत सापडतं. नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष होते तेव्हा, २०११ च्या सप्टेंबरात, मुंबईत त्यांची ही शस्त्रक्रिया झाली. पेपरात आलं, सगळ्यांना कळलं, कुणी आभाळ कोसळलं म्हणालं नाही. अरुण जेटलींचं २०१४ मध्ये दिल्लीत झालं, अर्थमंत्री असताना. त्यांच्याबाबत वजनापेक्षा मधुमेहाचं कारण पुढे होतं. नंतर संसर्ग झाला, एम्समध्ये हलवावं लागलं, तेही छापून आलं. मॅराडोनाचं २००५ मध्ये कोलंबियात झालं, त्याचाही कुणी बाऊ केला नाही.

न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती मात्र फेब्रुवारी २०१३ मध्ये खोट्या नावाने दवाखान्यात दाखल झाले आणि मे महिन्यात बातमी पेपरच्या हाती लागली तेव्हा बोलले. 'मुलाबाळांसाठी केलं' म्हणाले, आणि विषय मिटला.

---

आमराईतली_मैना

दादा, तुमच्या यादीत एक गोष्ट दिसली का? गडकरी, जेटली, मॅराडोना, ख्रिस्ती: विषय मिटला. फर्न आणि स्टार: गदारोळ. पुरुषाने पोट कापलं की 'तब्येतीसाठी' आणि बाईने कापलं की 'आळशी, फसवी'. तरी बायका लपवतात म्हणून आश्चर्य करायचं.

---

जुना_प्रेक्षक

मुद्दा मान्य. पुरावा हवा असेल तर अल रोकर घ्या, हवामान सांगणारा अमेरिकी निवेदक. त्याची बायपास २००२ ची, म्हणजे स्टार जोन्सच्या आदल्या वर्षीची. सुरुवातीला त्यानेही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर लोकांनी त्याला जवळ घेतलं.

पण फर्नबाईंच्या बाबतीत पावाची जाहिरात होती, हेही विसरू नका.

---

मिरज_जंक्शन

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. बापू कोण ते मला शोधायचं नाही, माहीत असतं तरी सांगितलं नसतं. जिमवाले दादा, एवढंच विचारते: पाच आठवड्यांनी परत आले तेव्हा त्यांच्याकडून काय करून घेतलंत?

---

लोखंड_आणि_घाम

ताई, वजन भराभर उतरतंय म्हणून हुरूप आला होता. डेडलिफ्ट लावली, जमिनीवरून वजन उचलायची. ऐंशी किलो.

---

मिरज_जंक्शन

देवा.

---

लोखंड_आणि_घाम

दोनदा चक्कर आली होती त्याला. मी म्हटलं उन्हाळा आहे, लिंबूसरबत घे. साखर घालून दिलं.

---

मिरज_जंक्शन

दादा, घाबरवत नाही, पण आता सगळं नीट सांगते, कारण वर सातारचे भाऊ 'झोपून उठतात' म्हणालेत.

हल्ली पट्टा जवळपास कुणी बसवत नाही. जास्त होतात त्या दोन. पहिली स्लीव्ह: दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकच मंदावते. दुसरी बायपास. हृदयाची नव्हे हो, नातेवाईक ऐकून रडायला लागतात. यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. बायपासवाल्याने गोड घेतलं की काहींना धडधड, घाम, चक्कर असा त्रास होतो. त्याला डंपिंग म्हणतात. तुमचं साखरेचं सरबत म्हणजे डंपिंगला आमंत्रणच होतं.

दोन्हींमध्ये आधी काही दिवस फक्त पातळ, मग मऊ, मग घट्ट. जेवताना पाणी नाही. प्रथिनं मोजून. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुढे आयुष्यभर तपासत राहायचं आणि घ्यायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, बहुतेकांचे परत येतात. आणि पोटावरची छिद्रं बाहेरून भरली तरी आतला थर भरायला वेळ लागतो, म्हणून साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, नाहीतर तिथून हर्निया. ऐंशी किलो. बरं.

आणि हे हौसेने कुणी करत नाही. आपल्याकडे डॉक्टर साधारण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाब असेल तर ३२.५ च्या वर असल्यावर विचार करतात. तुमच्या बापूंचा तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ४६ येतो. इतक्या वजनाला नुसतं 'कमी खा, जास्त चाल' बहुतेकांना पुरत नाही. शरीर ते वजन धरून ठेवायला भांडतं.

लपवण्याची मला खरी भीती वाटते ती इथे. जगाला नका सांगू, पण ट्रेनरला सांगा, दातांच्या डॉक्टरलाही सांगा. बायपास झालेल्याने अंगदुखीच्या साध्या गोळ्या मनाने घेतल्या तर अल्सर होऊ शकतो. आणि जो मधुमेहाच्या गोळ्या जुन्याच प्रमाणात घेत राहिला तो साखर उतरून पडतो, कारण बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच साखर उतरायला लागते.

---

कंदी_पेढा

ताई, माहिती पटली. 'झोपून उठतात' मागे घेतो. पण नट-नट्यांचं मागे घेत नाही.

---

भडंग_स्पेशल

पेढा मऊ पडला. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

आमराईतली_मैना

आता लिहितेच. माझी स्लीव्ह झालेली आहे, पुण्यात, चार वर्षांपूर्वी. ऑफिसात, सासरी, गल्लीत सगळीकडे सांगितलं की पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला चाललेय. नवरा आणि आई सोडून कुणाला माहीत नव्हतं.

का लपवलं? कारण मी सांगलीत राहते. इथे लोक तुमचा चेहरा नंतर बघतात, ताट आधी बघतात. जाड होते तेव्हा "अगं बास की आता", बारीक झाले तेव्हा "अगं घे की एक जिलबी, पाप लागत नाही". ऑपरेशन कळलं असतं तर प्रत्येक घासाला प्रेक्षक मिळाले असते.

पण नंतर जे झालं ते मी अजून कुणाला बोललेली नाही. नणंदेने विचारलं, "वहिनी, कसं केलंस गं?" तोंडातून निघून गेलं, सकाळी मध आणि कोमट पाणी. बिचारी आठ महिने मध-पाणी प्यायली. दीड किलो उतरलं. मग एके दिवशी स्वयंपाकघरात म्हणाली, "तुझ्यासारखा निग्रह माझ्यात नाही." मी भांडी घासत होते. नळ मोठा सोडला.

म्हणून त्या फर्नबाईंचा पाव वाचून मला कसंतरीच झालं. मला तर मधाच्या बाटलीचे पैसेही मिळाले नव्हते.

---

जुना_प्रेक्षक

ताई, नणंदेला सांगितलंत का?

---

आमराईतली_मैना

दिवाळीत सांगितलं. दोन महिने बोलली नाही. आता डॉक्टरांचा नंबर मागितलाय.

---

कोमट_पाणी_नको

एक उलटी बाजू. सगळ्यांवर संशय घेणंही बरं नाही. अदनान सामी २३० किलोंवरून उतरला. आजतागायत लोक त्याला 'कुठे केलं ऑपरेशन' विचारतात आणि तो आहारानेच उतरलो म्हणून सांगत राहतो. राम कपूरने २०२५ मध्ये व्हिडिओ काढून सांगितलं की ना शस्त्रक्रिया, ना इंजेक्शन. खाली कमेंटमध्ये 'हो का?' म्हणणारे होतेच. थोडक्यात, ज्यांनी लपवलं त्यांचं बिल ज्यांनी खरंच घाम गाळला त्यांच्याही नावावर फाडलं जातं. पेढेबुवा, तुमच्या नावावरही उद्या फाडतील.

---

कंदी_पेढा

फाडलंय आधीच. चुलत सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, साखर-बिखर निघाली का काय?"

---

भडंग_स्पेशल

सर, नवा फ्लेक्स कराल तेव्हा 'ना सुई' पण घाला. अमेरिकेतली टीव्हीवाली ओप्रा विन्फ्रे इतकी वर्षं वजन कमी करण्यावर बोलत होती, एका डाएट कंपनीच्या संचालक मंडळावर होती, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की औषधही घेतेय. २०२५ च्या मार्चपासून मौंजारो नावाचं वजन उतरवायचं इंजेक्शन आपल्या देशातही मिळतंय. आता लग्नाच्या हॉलमध्ये मावशा पोट विचारायच्या नाहीत, दंड वर करून दाखव म्हणतील.

---

मिरज_जंक्शन

सुई बहुतेक पोटातच टोचतात. चालू द्या.

---

तासगावकर_दादा

जिमवाले सर, येक सांगू का. राग मानू नगा. बापू खोटं बोलला म्हणताय, पर फ्लेक्सवर 'ना ऑपरेशन' कुणी लिवलं? त्यानं का तुमी? त्यानं म्हटलं तक्ता मनावर घेतला. तुमाला ऐकायचं हुतं त्ये त्यानं सांगितलं. द्राक्षाचा व्यापारी बी आमाला असंच इचारतो, "दादा, औषध मारलं न्हाई न्हवं?" त्याला काय ऐकायचंय ते दिसतंयच की तोंडावर.

---

लोखंड_आणि_घाम

दादा, हे दोन दिवस डोक्यात फिरत होतं. काल संध्याकाळी बापूच्या मळ्यावर जाऊन आलो. झालं ते सांगतो.

मी जाब विचारायच्या तयारीने गेलो होतो. त्याने शेडमध्ये खुर्ची टाकली, चहा मागवला, स्वतः अर्धा कप घेतला. मी म्हटलं, "मावशी भेटल्या होत्या." तो एवढंच म्हणाला, "मग कळलंच म्हणायचं." मग बराच वेळ दोघंही बेदाण्याच्या जाळ्यांकडे बघत बसलो.

त्याची साखर तीनशेच्या घरात असायची. बाप पन्नाशीत गेला, तोही साखरेनेच. डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याने आठ दिवसांत ठरवून टाकलं. सांगितलं का नाही म्हणून विचारलं तर भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. आजोबा, लंगोटावर, खांद्यावर गदा. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या पिढीतले, त्यांच्याबरोबर मातीत उतरलेले म्हणे. "सर, या घरात माणूस खातो किती ते मोजायचे. त्या घरात पोट कापून घेतलं म्हणून कसं सांगू? तुम्ही म्हणालात तक्त्यानं झालं, मला बरं वाटलं. वाटलं, आजोबांना पण चाललं असतं."

मी डेडलिफ्टचं बोललो. ते त्याला माझ्याइतकंच लागलं. टाक्याच्या जागी महिनाभर दुखत होतं, माझ्यापासून लपवून पट्टा बांधून यायचा. मिरजेच्या ताई, येत्या गुरुवारी तो तपासून घ्यायला जातोय, मी सोबत जाणार आहे.

फ्लेक्स आज सकाळी उतरवला. चाळीस जणांना काय सांगायचं हा प्रश्न होता. बापूच म्हणाला, मी येतो आणि सांगतो. आज सायंकाळी आला, डंबेलच्या रॅकजवळ उभा राहिला आणि सगळं सांगितलं. टाके दाखवले, गोळ्यांची डबी दाखवली. एकाने विचारलं, "मग तक्त्याचं काय?" मी सांगितलं तक्ता कुठून आणला ते. सात जणांनी पैसे परत मागितले, पाच जणांना दिले, दोघांशी बोलणी चालू आहेत. तिघांनी बापूला बाजूला घेऊन डॉक्टरांचं नाव विचारलं. उरलेले नेहमीसारखे आरशापुढे गेले.

---

भडंग_स्पेशल

बापूंना आमच्याकडून जाताजाता एक अंगठा. एकच, आणि खरा. फ्लेक्सचं काय केलंत?

---

लोखंड_आणि_घाम

टाकून देणार होतो. बापू म्हणाला, "सर, दहा बाय आठ आहे, टाकू नका." अवकाळीचं वातावरण आहे, बेदाण्याच्या शेडला एका बाजूने पाणी येतं. तिथे बांधलाय. १३८ ची बाजू बाहेर ठेवलीय, म्हणे तीच जास्त झाकते.